आवाज बंद ठेवून पाठवलेलं

जिन्याखालच्या एवढ्याशा खोलीत दादांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने उंबऱ्यातच उभं राहायचं. भिंतीवर सतरा-अठरा घड्याळं, आणि एकाचंही दुसऱ्याशी पटायचं नाही. कुठे साडेदहा, कुठे पावणेचार. दुपारचं ऊन काचेच्या कपाटावर येऊन टेकलं की दादांना वाटे, वेळ कुठे जात नाहीये, आपल्याशेजारी पाय पसरून बसलीय.

डोळ्याला भिंग लावून त्यांनी चाळीस वर्षं याच स्टुलावर काढली होती. काम करताना तोंडातल्या तोंडात पुटपुटायची सवय. "चल बाई, फीर आता," असं ते चाकांना सांगत. गिऱ्हाइकांना वाटे आपल्याशीच बोलतायत.

त्यांची धाकटी बहीण चिमी रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब राहायची. उभा जन्म तिने दवाखान्यात नर्स म्हणून काढला. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच स्मार्टफोन हातात आला, आणि रोज दुपारी दादांकडे विचारणा सुरू झाली.

"दादा, अक्षरं मोठी कशी करायची?"

"सेटिंगमध्ये जा. मग वर जा."

"वर म्हणजे कुठे, माळ्यावर?"

अर्धा अर्धा तास हे चाले. शेवटी दादांच्या लेकीनेच तोडगा काढला. "बाबा, तुम्ही काय करता ते स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवा ना. आत्या बघून बघून करेल."

दादांनी तसं केलं. पाठवून पाव तास झाला नसेल तोच फोन वाजला.

"अक्षरं मोठी झाली," चिमी म्हणाली. "आणि 'हिच्या डोक्यात जन्मात काही शिरायचं नाही' हेही ऐकलं."

दादांचा चेहरा खर्रकन उतरला. लेक मात्र हसून हसून बेजार. "माइक चालूच राहिला तुमचा! सुरू करायच्या आधी फोन विचारतो बघा, आवाज घ्यायचा का? तिथे 'नको' म्हणायचं. आणि इथे बोट टेकेल तिथे ठिपका दिसतो, तो राहू दे." तिने दोन्ही करून दिलं.

तेव्हापासून दादा बिनआवाजाचे व्हिडिओ पाठवू लागले. गजर कसा लावायचा, चुकून पुसलेला नंबर परत कसा मिळवायचा. पाठवण्याआधी एकदा बघून घेत, आणि बघता बघता त्यांना गुंगी आल्यासारखं होई. हात दिसत नाही, माणूस दिसत नाही, श्वासही ऐकू येत नाही. नुसता एक पांढुरका ठिपका म्हातारीच्या पिसासारखा तरंगत येतो, एका खिडकीतून आत शिरतो, दुसरीतून बाहेर पडतो. हे आपणच केलं, मघाशीच, यावर त्यांचा विश्वास बसत नसे. आपल्याआधी कुणीतरी या घरातून हिंडून गेलंय आणि आपण मागून बघतोय, असंच वाटे. आणि बरंही वाटे. आवाज बंद म्हणजे आता आपल्याबद्दल कुणाला काही कळायचं नाही.

एकदा चिमीने विचारलं, जुने फोटो कसे शोधायचे? दादा दाखवायला बसले आणि दाखवता दाखवता एका फोटोपाशी अडकले. लहानपणी एकाच सायकलवर दोघं भावंडं, चिमी पुढच्या दांडीवर, डोळे गच्च मिटलेले. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला. मग एका बोटाने हळूहळू सरकवत राहिले. सायकलचं चाक, तिची वेणी, मागचं तळं. रेकॉर्डिंग चालू आहे हे भानच उरलं नाही. केव्हातरी थांबवलं आणि तसंच पाठवून दिलं.

त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चिमी स्वतःच पिशवी घेऊन दुकानाच्या उंबऱ्यात उभी.

"अगं, कळवायचं तरी!"

"तू कळवलंस?" ती म्हणाली. "हात कधीपासून कापतोय?"

दादा भिंग पुसू लागले.

"चार वेळा बघितला तो व्हिडिओ. फोटोवरून ठिपका सरळ जातच नव्हता, दादा. आधीचेही काढून बघितले. सगळ्यांत तेच."

दादांना मग लपवता आलं नाही. वर्ष होत आलं होतं. सुईच्या टोकाएवढे स्क्रू चिमट्यातून निसटत आणि ते गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत राहत. नजर अधू झाली असं लेकीला सांगितलं होतं. हात म्हणायची हिंमत झाली नव्हती. हात गेला तर मागे काय उरतं?

चिमी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. वयाबरोबर काहींना असा कंप येतो, डॉक्टर म्हणाले. गोळीने कमी होईल, पुरता जायचा नाही. दादा बाहेर येऊन बाकावर बसले आणि खूप दिवसांनी मोकळं हसले. नाव नसलेली भीती त्याहून मोठी होती.

मग त्यांनी मनगटी घड्याळं घेणं थांबवलं. भिंतीवरची, टेबलावरची तेवढी घ्यायची असं ठरवलं. एकच नाजूक घड्याळ राहिलं होतं, एका शिक्षिकेचं, शेवटच्या स्क्रूवाचून अडलेलं.

"आण इकडे," चिमी म्हणाली. "मी तान्ह्या पोरांना सुया टोचल्यात."

दादांनी भिंग तिच्या डोळ्याला लावलं. "डावीकडे... थोडं खाली... आता सोड." स्क्रू बसला. बारीकसं चाक जरा अडखळलं आणि डुलायला लागलं. चिमीचा श्वास कोंडला होता, तो आता सुटला.

"लागली हो नाडी," ती म्हणाली.

चार दिवसांसाठी आलेली चिमी महिनाभर राहिली. दुपारी दोघं त्या खोलीत दाटीवाटीने बसत, आणि गिऱ्हाइकं उंबऱ्याच्याही बाहेर उभी राहत.