उतरलेला शर्ट

बाईनं शर्ट विकत घ्यायचा नसतो, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. कळलं तेही आख्ख्या गल्लीनं मिळून कळवलं म्हणून.

आमच्या अणदूरकडच्या शिवारात सोयाबीनच्या काढणीला बाया साडीवर गड्याचा शर्ट चढवतात. फुल बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटणं लावून, वर डोक्याला टॉवेल. वाळलेल्या शेंगा हाताला बोचतात, धुरळ्यानं अंग खाजतं, आणि ऊन तर काय, जिता माणूस भाजून काढतं. शर्ट नसला तर संध्याकाळी अंगाची नुसती लाही लाही होते. हा शर्ट घरच्या माणसाचाच असतो. नवऱ्यानं घालून घालून कॉलर फाटली की तो बायकोच्या अंगावर उतरतो, आणि रानात चिंध्या झाल्या की मग त्याचं पोतेरं. आमच्याकडं लांबून बाई ओळखायची तर शर्टावरून. निळ्या चौकड्या दिसल्या की ही बांधाखालची, बिस्किटी रंग दिसला की ती सरपंचाच्या शेजारची. तोंड बघायची गरजच पडत नाही.

आमचे हे जीप चालवायचे. सोलापूर-तुळजापूर, देवीचे भाविक भरून. शर्टाचा लई शौक. घाण रस्ता, घाण धूळ, पण ह्यांची कॉलर कडक. मग लकवा आला. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बोलणं आलं हळूहळू माघारी, बाकीचं आलं नाही. तेव्हापासून अंगात बंडी, पुढून नाड्या बांधायची. शर्ट खुंटीवर लटकत राहिले, आणि एकेका सुगीला एकेक माझ्या अंगावर उतरत गेला. नवा शर्ट काही खुंटीवर चढत नव्हता. शेवटी खुंटी मोकळी झाली.

एक राहिला होता, पेटीत. पांढरा, बारीक पट्ट्यांचा. लेकीच्या लग्नातल्या आहेराच्या कापडाचा शिवलेला, एकदाच अंगाला लागलेला. तो मी काढला नाही. का काढला नाही ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांना बरं वाटलं की तोच घालून देवीला जायचं, असं मी मनात धरलं होतं. तो शर्ट एकदा मी रानात घातला की ह्यांच्यासाठी घरात काहीच उरत नव्हतं. बंडी तेवढी उरत होती.

मागल्या सुगीच्या तोंडावर लेकीला फोन केला. ती सोलापुरात असते. म्हणलं, "बाई, मला एक शर्ट बघ. जाड, लांब हाताचा, कमरेच्या खाली येणारा."

तिनं फोनवर फोटो पाठवला. मळकट हिरवा, दोन झाकणाचे खिसे, मोठमोठी बटणं. म्हणाली, "आई, ही फॅशन हाय. जुन्या मिलिटरीच्या शर्टाची हुबेहूब नक्कल. कॉलेजची पोरं रोज घालत्यात. जुन्या लढाईत असले व्हते म्हणं."

"लढाईची नक्कल कशाला गं? हितं अस्सल चालूच हाय की."

ती हसली, पण मी काही चेष्टा केली नव्हती. पहाटे उठून ह्यांना पुसून काढायचं, कूस बदलायची, खाऊ घालायचं, मग रान, मग येऊन परत पहिल्यापासून तेच. कंबर म्हणून जी वस्तू असते ती माझ्याकडं राहिलीच नव्हती. शर्ट तेवढा दणकट मिळावा, एवढंच मागणं होतं.

पार्सल अणदूरच्या स्टँडवरल्या मोबाईलच्या दुकानात आलं. घरी आणून फोडलं आणि डोक्यात सणक गेली. कोपरापाशी रंग उडालेला, कॉलर धुऊन धुऊन पांढुरकी पडावी तशी, खिशाच्या कडा झिजलेल्या. लेकीला फोन लावला, "अगं, कुणाचा तरी वापरलेला गळ्यात मारलाय!" ती म्हणाली, तसाच असतो, मुद्दाम जुना दिसावा म्हणून तसा करतात. घ्या! नवं कापड घासून जुनं करायचं आणि वर त्याला गिऱ्हाईक लागतं. आमच्या घरात तर सगळं आपोआप जुनं होतं, कुणी विचारत नाही. पण कापड घट्ट होतं, शिलाई दुहेरी होती. पार्सलची पिशवी चुलीत घातली, शर्ट अंगात घातला आणि रानात गेले.

पहिल्या दिवशी बायांनी चेष्टा केली. "काय गं, पलटणीत भरती झालीस का?" मी पण विळा खांद्याला लावून सलाम ठोकला. हसलो सगळ्या. मला वाटलं, झालं.

आता फौजी भावजींचं सांगायला पाहिजे. हे ह्यांचे लहानपणचे दोस्त, पलटणीतून रिटायर होऊन लई वर्षं झाली. बायको वारली, पोरं पुण्याला. सगळं गाव त्यांना फौजीच म्हणतं. ह्यांना लकवा आल्यापासून रोज दिवेलागणीला ते आमच्याकडं यायचे. येताना स्टँडवरून पेपर आणायचे आणि ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. रविवारी दाढी करून द्यायचे. जाताना ह्यांना काखेत धरून नीट वर सरकवायचे. तेवढं एक सरकवणं माझ्या कमरेचं वाचायचं. बाकी दोस्त सुरुवातीला आले, हळहळले आणि आटले. ह्यांनीही कुणाला जवळ येऊ दिलं नाही. वाकडं तोंड लोकांनी बघू नये म्हणून बाज कधी दाराबाहेर काढू दिली नाही. ह्यांच्या दिवसात तो एक तास माणसाचा होता. माझ्याही दिवसात तोच एक तास होता. चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन, कपात चहा घेऊन, कुणाचं काही न करता बसायचे मी.

शर्ट घालायला लागून थोडे दिवस झाले असतील, भावजी यायचे बंद झाले. पहिल्या दिवशी वाटलं, ताप असेल. मग पाराजवळ दिसले. मला बघितलं आणि पाठ फिरवून दुसऱ्या बोळानं गेले.

हे दिवेलागणीला दाराकडं तोंड करून पडायचे. चप्पल वाजली की मान उचलायचे. "फौजी का येईना?"

"असंल काम."

"रिकाम्या माणसाला कसलं काम?"

मला काय ठाऊक! मी त्यांची कूस बदलायला गेले तर म्हणाले, राहू दे, हिकडंच बघतो. जेवणही अर्धं टाकायला लागले. माझा चहा चुलीवरच उकळून आटायचा, प्यायला बसावंसं वाटायचं नाही.

उलगडा झाला तो रानात, न्याहारीला. माझी चुलत जाऊ, जिचं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला, भाकरी मोडता मोडता म्हणाली, "वैनी, शर्ट लई टिकाऊ हाय. मिलिटरीचा माल. फौजीनं चांगला बघून दिला."

बाकीच्या खाली बघून भाकरी चावायला लागल्या. तेव्हा कळलं, ही चार दिवसांची शिळी गोष्ट आहे, ताटात माझ्याच उशिरा पडली.

"अगं, विकत घेतलाय म्या!"

"विकत?" ती म्हणाली. "बाईमाणूस शर्ट विकत घेतं व्हय? अन् कोपर बघा की वैनी. नव्याचं कोपर असं असतंय?"

मी कोपर बघितलं. खरंच होतं तिचं. पैसे नव्याचे आणि कळा जुन्याची. पिशवी असती तर तोंडावर फेकली असती, तर ती मी चुलीत घातलेली. कशात काय आणि फाटक्यात पाय! बाईच्या अंगावर शर्ट म्हणजे तो कुणाच्या तरी अंगावरून उतरलेला असणारच, एवढंच ह्या शिवाराला माहीत. ह्यांचा नाही, मग कुणाचा? मिलिटरीचा माणूस गावात एकच. हिशोब मांडायला शाळा लागते का?

मी उठले, शर्ट काढला, बांधावर आपटला आणि तशीच सोयाबीन कापायला लागले. हात सोलून निघाले. रडू आलं ते रागाचं होतं, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. खरं तर मी दमले होते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे गाव पहिल्यापासून तसलंच. मला माझ्या अब्रूचं एवढं नव्हतं. मला तो तास पाहिजे होता.

शर्ट भाकरीच्या फडक्यात गुंडाळून घरी आले तर ह्यांनी हात बघितले. ओरखडेच ओरखडे. "शर्ट कुठाय?"

"उकडतंय त्यात."

"म्या हातरुणात हाय. बहिरा न्हाय." जरा थांबले. मोठं वाक्य बोलायला ह्यांना दम लागतो. "खिडकीखाली बाया बोलत्यात. परवापासून ऐकतोय."

मी पातेलं घासत राहिले. आता हा माणूस काय विचारील, ह्या भीतीनं हात थांबेना. हे म्हणाले, "पेटीत माझा व्हता की. त्यो का न्हाय घातलास?"

"त्यो चांगला हाय."

"चांगला हाय तर?"

मी घासलेलं पातेलंच परत घासायला घेतलं. त्यांनी पेटीकडं बघितलं. मग म्हणाले, "उद्या मला त्यो हिरवा घाल. अन् बाज भाईर काढ."

मला वाटलं डोकं फिरलं. म्हणलं, "भाईर? लोक बघतील."

"बघू दे. त्याच्यासाठीच."

सकाळी घातला. लुळा हात आधी घालावा लागतो, बाही गोळा करून मनगटापासून वर चढवत न्यायची, मग पाठीमागून ओढून दुसरा. जाड कापड, वळेना. दोघंही घामानं निथळलो. बटणं लावली. कॉलर मी सवयीनं सरळ केली आणि माझे हात तिथंच राहिले. कॉलरीतलं ते तोंड मी किती वर्षांनी बघत होते. वाकडं होतं, पण ह्यांचंच होतं. कसंबसं बाजेवर घेतलं आणि बाज ओढत ओट्यावर आणली. उशा लावून बसवलं.

मग जो जाईल त्याला हे हाक मारायला लागले. जो माणूस लेकीच्या सासऱ्यालासुद्धा तोंड दाखवत नव्हता, तो गवळ्याला हाक मारतोय, पिठाच्या गिरणीवाल्याला हाक मारतोय. "ये की. शर्ट बघ. लेकीनं पाठवला सोलापूरवरनं. मला." शब्द फुटत होते, लाळ गळत होती, मी पुसायला गेले तर हात झटकला. लोक थबकायचे, तोंडाकडं बघून नजर खाली घ्यायचे, मग शर्टाकडं बघायचे. ऊन वर आलं तरी हे आत ने म्हणेनात.

चुलत जाऊ घागर घेऊन चालली होती. तिला तर नावानंच हाक. "बघ गं. मला जरा बोचतोय. हिला रानात घालायला दिलता. माझाच हाय, ध्यानात ठिव."

तिनं घागर या काखेतून त्या काखेत घेतली. "व्हय भावजी," म्हणाली आणि गेली. मी दारामागं उभी होते. आयुष्यात ह्या माणसाबरोबर मी भांडले, रुसले, ह्यांचं सगळं धुतलं. पण त्या दिवशी मला ह्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा जीप नवी घेतली तेव्हाही वाटला नव्हता.

दिवेलागणीला भावजी आले. हातात पेपर. ओट्याखाली थांबले, शर्ट वरपासून खालपर्यंत बघितला आणि टाच आपटून सलाम केला. "साहेब, कोणची पलटण?"

हे म्हणाले, "हिची."

भावजी हसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. मग बाजेवर बसून पेपर उघडला. मी आत जाऊन चहा ठेवला आणि चुलीपाशी बसले. कप हातात धरून नुसती बसले.

भावजींनी जाताना ह्यांना उचलून आत आणलं. मी शर्ट काढायला घेतला. चांगला हात आधी, लुळा मागून. दिवसभराच्या घामानं कापड ओलं झालेलं, ह्यांचा वास त्याला लागलेला. हे पार गळून गेले होते, डोळे मिटलेले. म्हणाले, "आता उतरला. घाल खुशाल."

"घालते."

"अन् पेटीतला राहू दे. तुळजापूरला जायला लागंल."

मी चेष्टा आहे का म्हणून तोंडाकडं बघितलं. चेष्टा नव्हती. मला वाटायचं, हा माणूस कधीच आशा सोडून बसलाय आणि मी एकटी त्याच्यासाठी शर्ट सांभाळतेय. उलटं होतं. ते जाणार होते. आशा सोडून पेटीला कुलूप लावून बसलेली मी होते. कधी सोडली ते मलाच कळलं नव्हतं, कामात.

"ठेवते," म्हणलं. बंडीच्या नाड्या बांधल्या, कूस बदलली. सकाळी तो शर्ट न धुता अंगात घातला आणि रानात गेले. सोयाबीनच्या राहिलेल्या तीन काकऱ्या काढायच्या होत्या.