गावाबाहेरचं पांढरं घर

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा मला मागच्या दाराने घरात घेतलं. माप ओलांडलं ते गोठ्याच्या बाजूला. समोरचं दार उघडत नाही, एवढंच मला सांगितलं गेलं. नव्या नवरीने जास्त विचारायचं नसतं, म्हणून मीही विचारलं नाही.

स्वातंत्र्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. मालेगावहून वाशीमकडे जाणाऱ्या सडकेवर आमचं गाव, आणि गावाच्या जरा अलीकडे सडकेला लागून आमचं एकटं घर. घरामागे उतारावर विहीर आणि भाजीची वाडी. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक, आणि बांधाबांधाने झेंडू. वाडी मोठी देखणी होती, पण ती सडकेवरून दिसत नसे. दिसायचं ते घर. त्याच्या समोरच्या भिंतीचे पोपडे पडून आतली माती उघडी झाली होती. अंगणात डोक्याइतके एरंड आणि धोतरा माजला होता. वाटसरूला ते घर ओसाडच वाटावं.

घरात माणसं चार. सासू, जिला मी मामी म्हणत असे, माझे यजमान, मी, आणि चार वर्षांची पुतणी. पुतणीचे आईबाप, म्हणजे माझे थोरले दीर आणि जाऊ, माझ्या लग्नाआधी तीन वर्षं देवीच्या साथीत एका आठवड्यात गेले होते. पोरगी तेव्हा अंगावर पीत होती. ती मात्र वाचली.

दिवाळीच्या आधी मी एकदा खराटा आणि विळा घेऊन समोर निघाले. मामींनी हात धरला.

"राहू दे पोरी. समोरचं काही साफ करू नको."

"काहून मामी? सण आला."

"शिणगारलेलं घर देवीले दिसते. तिले वाटू दे, इथं आता कोनी राहात नाही."

त्या रागावल्या नव्हत्या. हळूच बोलल्या, पुतणीला ऐकू जाऊ नये अशा. मी विळा आत नेऊन ठेवला.

हिवाळ्यात एकदा विहिरीवर गावातल्या बाया धुणं धुवायला आल्या, तेव्हा त्यांच्या लेकरांच्या दंडांवर मला ताजे गोल व्रण दिसले. देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा सरकारी माणूस गावात येऊन गेला होता. कोतवालाने दवंडी दिली होती, पण ती गावापुरती. आम्ही दोन दिवस वाडीत मिरची तोडत होतो. तो माणूस आमच्या दारावरून जाताना एकदा आणि येताना एकदा गेला, आणि दोन्ही वेळा थांबला नाही. पडीक घरापाशी कशाला कोण थांबेल?

मी घरी येऊन मामींना सांगितलं. त्या सांभाराच्या जुड्या बांधत होत्या. त्या दिवशी त्यांनी बांधलेल्या जुड्या मला संध्याकाळी पुन्हा बांधाव्या लागल्या, इतक्या त्या सैल होत्या.

पुढच्या बाजाराहून यजमान आले ते टोपली खाली न ठेवताच म्हणाले, "पल्याडच्या तांड्यावर देवी आल्या म्हणतात. दोन लेकरं पडली हायेत."

मामी उठल्या. "सायकल काढ. तो देवी काढनारा मानूस कुठी असन तिथून त्याले शोधून आन."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेले यजमान दिवस कलता परतले. तोंड धुतलं, पाणी प्याले, आणि खाली मान घालून सांगू लागले.

"भेटला. पन लस संपली त्याची. वाशीमहून नवी आनून बुधवारी याच सडकेनं येनार हाये. मी म्हणलं, आमच्या घरी थांबा. तो म्हणे, त्या सडकेवर मले तं कोनाचं घर दिसलं नाही, एक पडीक खोपट हाये फक्त."

"मंग?" मामींनी विचारलं.

"मी म्हणलं, ते नाही. आमचं घर पांढरं हाये. समोर झेंडू फुलला हाये. लांबून दिसन तुमाले."

मी म्हटलं, "असं काहून सांगतलं तुमी?"

"लाज वाटली मले," ते म्हणाले.

बुधवारला सहा दिवस होते. मग मामींनी कोपऱ्यातला विळा उचलला आणि त्या मागच्या दाराने निघून घराला वळसा घालून समोर गेल्या. आम्ही पोहोचलो तोवर त्यांनी दोन एरंड आडवे केले होते.

अंगण मोकळं करायला एक अख्खा दिवस गेला. समोरच्या दाराला आतून धान्याची कोठी लावून ठेवली होती, ती आम्ही तिघांनी रेटत बाजूला नेली. दार उघडलं तेव्हा पुतणी दचकली. घराला तिकडूनही वाट आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

तळ्याच्या गाळाची माती, शेण आणि गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, कालवून आम्ही भिंत लिंपायला घेतली. मी खालचा भाग लिंपत होते, मामी वरचा. हात चालू असतानाच, माझ्याकडे न पाहता, त्या म्हणाल्या, "थोरला गेला त्या सालीही देवी काढनारा आला होता. हेच दार होतं. मीच त्याले परत पाठवलं. म्हणलं, आमच्या घरी नको."

मी गाऱ्याचा गोळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो भिंतीवर थापला आणि एकसारखा केला.

भिंत वाळायला दोन दिवस दिले. तोवर मडक्यात चुना भिजवला, त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घातली. चुन्याचा हात ओला असताना राखाडी दिसतो. यजमान सारखे मागे सरकून पाहायचे आणि म्हणायचे, "पांढरं नाही झालं." ऊन चढलं तशी भिंत डोळ्यांत भरेल अशी उजळली. खाली वीतभर रुंद गेरूचा पट्टा मी ओढला. दाराला गेरू आणि जवसाचं तेल चोळलं.

राहिला झेंडू. तो भिंत वाळत असतानाच लावायला घेतला होता. वाडीतली फुललेली रोपं मातीच्या गड्ड्यासकट उचलून आम्ही दारापासून सडकेपर्यंत दोन्ही बाजूंनी लावली. ते काम मामींनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. फुलातलं झाड हलवलं की मान टाकतं, म्हणून त्या उन्हं उतरल्यावरच लावायच्या आणि दिवसा पळसाच्या पानांची सावली धरायच्या. मंगळवारी चार-पाच रोपं मलूल दिसली, ती काढून त्यांनी नवी लावली.

बुधवारी सकाळपासून आम्ही कोणी वाडीत गेलो नाही. ऊन माथ्यावर आलं तेव्हा सडकेवर सायकल दिसली. खाकी कोट, मागे पेटी. तो माणूस आमच्या घरासमोर येऊन आपोआप उतरला. झेंडू पाहिला, भिंत पाहिली, मग अलीकडे-पलीकडे पाहिलं.

"इथंच ते पडीक घर होतं ना?"

यजमान पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले. मामी पुढे झाल्या. "हेच होतं साहेब. आमीच तसं ठेवलं होतं. आता पोरीले देवी काढा."

तो हसला नाही. हात धुवायला पाणी मागितलं, पुतणीच्या दंडावर छोटं गोल यंत्र टेकवून फिरवलं. ती रडली. मग आम्हा तिघांनाही टोचलं. आठ दिवसांनी पुन्हा पाहायला येईन म्हणाला.

ते आठ दिवस लांब होते. तांड्यावरचं एक लेकरू गेल्याचं कळलं. चौथ्या दिवशी पुतणीला ताप भरला तेव्हा मामी तिच्या उशापासून हलल्या नाहीत. दर थोड्या वेळाने तिच्या तोंडावर, तळव्यांवर फोड शोधायच्या. दंडावर मात्र टपोरे फोड आले, आणि बाकी अंग स्वच्छ राहिलं.

तो माणूस सांगितल्या दिवशी आला. दंड उजेडात धरून म्हणाला, "चांगल्या उठल्या. आता हिला भीती नाही."

मामी भिंतीला पाठ लावून खालीच बसल्या. नवा चुना त्यांच्या लुगड्याला लागत होता. मी सांगितलं, तर म्हणाल्या, "लागू दे." त्या दुपारी त्या जेवल्या, दोन भाकरी, आणि ओट्यावर आडव्या होऊन दिवस मावळेपर्यंत झोपल्या. त्यांना दिवसा झोपलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. पुतणी दोनदा उठवायला गेली, मी तिला मागे ओढलं.

साथ आमच्या गावात आलीच नाही. होळीच्या सुमारास तांड्यावरही निवली. त्याच दिवसांत गावातल्या दोन बाया सडकेवर थांबल्या आणि त्यांनी झेंडूची रोपं मागितली. मामींनी त्यांना ओट्यावर बसवलं, चहा टाकायला मला आत पाठवलं, आणि चहा उकळेपर्यंत मामींचाच आवाज आत येत राहिला: आता नका लावू, ऊन लागन, मिरगाच्या पावसात या, बी देईन.