गोणपाटावरचा कॅमशाफ्ट

वडिलांच्या जुन्या गाडीच्या इंजिनातला कॅमशाफ्ट तुटला, तेव्हा मोंढा नाक्यावरच्या मिस्त्रीनं त्याचे दोन्ही तुकडे गॅरेजच्या दारात गोणपाटावर मांडले आणि चहा मागवला.

मी विचारलं, "वेल्डिंग करायचं, की दुसरा बघायचा?"

"बघू ना साहेब," म्हणत त्यानं मिशीवरून ग्रीसचा हात फिरवला. ग्रीस लागल्याशिवाय त्याला विचार करता येत नसावा.

तीन दिवस तेच. वाळूजच्या कंपनीतला एक जण हवा भरायला आला आणि वेल्डिंगच करा म्हणाला. एका निवृत्त मास्तरांनी गाडी विकून टाकायला सांगितली. देवगाव रंगारीचा एक ट्रॅक्टरवाला तर तुकडे जुळवून बघत बसला. मिस्त्री प्रत्येकाला मान डोलावून म्हणायचा, "बराबर." रविवारी बहिणीला आणायचं होतं, आणि माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

चौथ्या दिवशी त्यानं बाकड्याखालून एक जुना पण धडधाकट कॅमशाफ्ट काढला. "भंगारातून पयल्याच दिवशी आणलाय. वेल्डिंग टिकत नाय."

"मग बोलला का नाहीत?"

"तवा बोललो असतो, तर तुम्ही अजून चार जणांना इचारत फिरला असता. ते हितंच येऊन बोलून गेले."

परवा त्याच गोणपाटावर कुणाचा तरी गिअरबॉक्स दिसला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी गाडी थांबवली, खाली उतरलो आणि गिअरबॉक्सच्या मालकाला म्हणालो, नवाच टाका.

मिस्त्रीनं मान डोलावली. "बराबर."