ठकूबाईंना कळायचं ते

महिना होऊन गेला. भर दुपारी ठकूबाईंच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडून त्यांची सोळा वर्षांची मंगल बोलू लागली. घाईघाईनं, रडत, सगळं नाकातून. मला फक्त ‘आई’ एवढं कळलं. मी सवयीनं म्हटलं, “मंगल, बाळा, आईकडे दे फोन.” मग शेजारणीनं फोन घेतला. फुलंब्रीजवळ, त्यांच्या गावाला लागून रुंद झालेल्या रस्त्यावर, टँकरचं पाणी घेऊन पलीकडे जाताना ठकूबाईंना गाडीनं उडवलं होतं. जागीच गेल्या. मी शहरातल्या एका दवाखान्यात ओठ आणि टाळू दुभंगून जन्मलेल्या मुलांना बोलायला शिकवते. सोळा वर्षं हेच काम. आणि त्या पोरीचं एकही वाक्य मला समजलं नव्हतं.

मी नोकरीत नवीन असताना ठकूबाई पहिल्यांदा आल्या, सहा महिन्यांच्या मंगलचं तोंड पदरानं झाकून. ओठाचं ऑपरेशन फार सुरेख झालं. टाके काढल्यावर त्या नर्सला म्हणाल्या, “माझीच हाय ना ही?” आम्ही सगळे हसलो. टाळूचं ऑपरेशन दीड वर्षाच्या आत करायचं, हे मी तीनतीनदा बजावलं. पण त्या साली पाऊस नव्हता, पुढच्याही साली नव्हता. ही धनगरांची माणसं, मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागं दूर गेली. परत आली तेव्हा मंगलला पाचवं लागलं होतं. टाळू शिवली, पण बोलण्याला चुकीचं वळण लागून गेलं होतं. हवा नाकातून निसटायची. ‘बाबा’ म्हणायला जायची आणि ‘मामा’ व्हायचं. तिचा बाप आधी हसायचा, नंतर हसेना. मी ठकूबाईंवर चिडले, “तारीख दिली होती ना तुम्हाला?” त्या खाली बघत म्हणाल्या, “मेंढरं मरत व्हती, मॅडम. पोरगी तर जित्ती व्हती.”

पुढं गावापर्यंत प्लॉट पडले, चरायला रान उरलं नाही, मेंढरं विकली. बाप इमारतींच्या कामावर जाऊ लागला. ठकूबाई मात्र मंगलला घेऊन येत राहिल्या. टँकरच्या दिवशी खाडा व्हायचा, बाकी नाही. शाळेत बाईंना, दुकानात दुकानदाराला, इथं मला, मंगल काय म्हणाली ते त्याच सांगायच्या. तिचं वाक्य संपायच्या आत त्यांचं सुरू व्हायचं. मी कितीदा अडवलं, “तिला बोलू द्या, नाहीतर ती शिकणार कशी?” त्या गप्प बसायच्या, दोन मिनिटं...

एकदा आम्ही सगळ्या पालकांकडून फॉर्म भरून घेत होतो. उपचारानं समाधान झालं का, पूर्ण, थोडं की नाही? ठकूबाई म्हणाल्या, “पुरं लिवा.”

“खरं सांगा.”

“डाक्टरसायबांनी पोरीला तोंड दिलं. नाय कसं म्हणू? अन् तिचं बोलनं मला कळतंय की.”

मी ‘पूर्ण’वर खूण केली. उन्हाळ्याआधीच्या शेवटच्या भेटीत, नाकातून निसटणारी हवा अडवायला अजून एका ऑपरेशनचं बोलणं झालं. “पाऊस पडू द्या, मंग येती,” म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात मंगलला घेऊन तिचा बाप एकटा आला. ऑपरेशन होईल, पण बोलणं किती सुधारेल याचा शब्द डॉक्टर देत नाहीत, असं मी त्याला सांगितलं. त्यानं टोपी काढून हातात धरली.

“मॅडम, ती घरात बोलंनाच झाली. हातानं दाखवती. तुम्ही तिला शिकवा, नका शिकवू... मला तेवढं तिचं बोलनं शिकवा. तिच्या आईला येत व्हतं.”

इतक्या वर्षांत असं कुणी मागितलं नव्हतं. मी मंगलला म्हटलं, बाबांना काहीतरी सांग. ती खूप वेळानं बोलली, तीन-चार शब्द.

“पानी पायजे?” त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

“घरी जायचंय?”

नाही.

“परत म्हन, बाई. सावकाश म्हन.”

तिनं परत म्हटलं. मग दोघंही माझ्याकडे बघू लागले. मलाही कळलं नव्हतं.