होडी मागून वळते

मुलगी म्हणाली, "बाबा, पुढल्या आयतारी मी येतंय. तुज्या हातचां हुमण आणि शीत ताटात दिसलां तर ऱ्हव हंय. नाय तर कपडे भरून ठेव. माज्या घराक जावचां."

तिचं घर पार्श्याला, सासरचं. जावई सरळ माणूस, घरामागे काजू आणि माड, मला तिथे कोणी वाकडं बोलणार नाही. पण मला जायचं नाही. बायको जाऊन दोन वर्षं होत आली. ती अजून या घरात आहे असलं काही मी म्हणणार नाही. गेली ती गेली. पण ती कुठे कुठे नाही, हे मला इथेच नेमकं ठाऊक आहे. गॅसपाशी नाही, न्हाणीच्या दगडावर नाही, रस्त्याकडच्या जनेलात बाहेर बघत उभी नाही. पार्श्याला गेलो तर तेवढंही माझ्याकडे उरणार नाही.

मुलीचंही चूक नव्हतं. दोन वर्षं मी नाक्यावरच्या हॉटेलात भाजी-पाव खाऊन काढली होती. सकाळी पाव, दुपारी पाव, रात्री उरलेला पाव. डॉक्टरने माझं रक्त तपासलं आणि फोन केला तो तिला, मला नाही. त्यानंतर तिने आठ दिवस दिले. ज्याने सगळा जन्म यंत्रं चालवली त्याला एक हुमण, म्हणजे साधी माशाची आमटी येऊ नये? येत नव्हती. आणि त्याला कारण मीच.

मी डिचोलीकडे खाणीवर डंपर चालवायचो. शाळा दुसरीपर्यंत. पुढे शिकलो ते सगळं चाकावर बसून. मग एक दिवस खाण बंद झाली. आज सुरू होईल, उद्या होईल, म्हणत वर्षभर आम्ही सगळे घरात बसून राहिलो. तेवढ्यात औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधाच्या कारखान्याने खाणीवरची माणसं घ्यायची ठरवली. काम फोर्कलिफ्टचं. पुढे दोन लोखंडी सुळे असलेली ती छोटी गाडी, माल उचलून उंच फळीवर ठेवते ती. तीन आठवडे शिकवणार, मग परीक्षा. पास झाला तो राहील, नापास झाला तो घरी.

मी मनात हसलो. डोंगराएवढा डंपर चालवलेला माणूस मी, ही खेळण्यातली गाडी काय घेऊन बसलात.

पण डंपरचं तोंड जिकडे, तिकडे डंपर जातो. या गाडीचं उलटं. हिची मागची चाकं वळतात. तोंड उजवीकडे घेतलं की ढुंगण डावीकडे फिरतं, आणि तिथे कोण आहे हे तुम्हाला दिसत नाही. तिसऱ्या दिवशी मी रिकाम्या पिंपांची एक अख्खी रांग आडवी केली. शिकवणारा मास्तर कोल्हापूरकडचा, माझ्या मुलाच्या वयाचा शोभला असता.

"काका, मागं बघा की! का खाणीतला धुरळा अजून डोळ्यांत हाय?"

सगळे हसले. माझ्याबरोबर खाणीवर असलेले जास्त हसले. मी चावी मेजावर ठेवली आणि घरी आलो.

बायको आदोळीवर बसून नारळ खवत होती. तुमच्याकडे विळी म्हणतात. आमच्या आदोळीच्या पात्याला टोकाला दाते असतात, त्यावरच नारळ खवायचा. मी म्हटलं, "फाल्यांसून मी कारखान्यात जावचो नाय."

तिने हात थांबवला नाही. "म्हंजे घोव रुसान इलो घराक."

मी सगळं सांगितलं. पिंपं, मास्तर, हसणारे. मला वाटलं ती मास्तराला शिव्या घालेल. तिने एवढंच विचारलं, "ती गाडी वळता खंयसून?"

"फाटल्या चाकांनी."

"अहो, मगे ती होडी नाय काय?"

ती केरीची. तेरेखोलची नदी जिथे समुद्राला मिळते तिथली. बाप होडीवाला. लहानपणी तिने बापाच्या होडीत बसून वल्ही मारली होती, हे मला माहीत होतं. पण त्याचा माझ्या पोटापाण्याशी काही संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं.

"होडयेक सुकाणू खंय आसता? फाटल्यान. माजो बापूस सांगी, तोंडाक पळयत ऱ्हवलंस तर खडपार चडतलंस. पयलीं शेंपडी राख, तोंड आपसूक वाटेक लागता."

मास्तर तीन दिवस जे इंग्रजी-मराठी मिसळून सांगत होता ते हिने नारळ खवता खवता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी परत शिकायला गेलो, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात कारखाना सुरू झाला. तिने आदोळीच्या पात्याला फडकं गुंडाळलं आणि मला तिच्यावर बसवलं. एका हाताला डवली, म्हणजे पळी, ती वर-खाली करायची दांडी. दुसरीकडे लाटणं, ते सुळे वाकवायची दांडी. टोपाचं झाकण म्हणजे स्टिअरिंग. समोर पाट मांडून त्यावर ती स्वतः बसायची. माल म्हणून.

"सावकाश! माल फुटतलो."

"माल आदीच फुटको आसा."

"फुटको आसलो तर बापाशीकडे परत धाडा. केरीक जावच्या वाटेर दोन नदयो आसत, बघूया तुमची होडी जाता काय."

मी चुकलो की लाटण्याने माझ्या गुडघ्यावर टक्कन मारायची. आधी रिकाम्या हाताने करायला लावायची, मग डोळे मिटून. मग म्हणायची, आता उलटं सांगा. माल फळीवर बसलाय. त्याच्या आधी काय केलंत? त्याच्याही आधी? मला राग यायचा. पण मागून पुढे आलं की विसरायला जागाच राहायची नाही. मास्तराने दिलेली वही ती वाचून दाखवायची, ती सातवी झालेली. मी ऐकून पाठ करायचो.

मी पास झालो. मास्तर म्हणाला, "काका, तुम्ही कुठं क्लास लावला व्हता काय?" मी म्हटलं, "होय." कुठे ते सांगितलं नाही.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची, घरच्यांना आत सोडायचे. ती हिरवं लुगडं नेसून आली. माझ्या गाडीला तिने झेंडूचा हार घातला. मग कोणाला न विचारता सीटवर चढून बसली. डाव्या दांडीवर हात ठेवून म्हणाली, "ही डवली." उजव्यावर ठेवून, "हां लाटणां." आणि मागे वळून बघितलं. सगळ्यांत आधी मागे. मास्तर बघतच राहिला. मी लाजलो. आज तिला तसं बसलेलं एकदा बघायला मिळालं तर मी काय देणार नाही? पण तेव्हा मी म्हटलं, "उतर गो आता, लोक पळयतत."

त्याच रात्री जेवताना ती म्हणाली, "आता तुमची पाळी. मी तुमचां यंत्र शिकलंय, तुमी माजां शिका. म्हाताऱ्यापणात पयलीं कोण जातलो ते कोणाक खबर?"

"तू आसा मगे."

"मी आसंय म्हणानच शिका."

दोन दिवस मी आदोळीवर बसलो, खरोखरचा. दुसऱ्या दिवशी अंगठा कापला. ती हसली, माझ्यावर हसली नव्हती, पण मला तसं वाटलं. मी उठलो आणि म्हणालो, "हां बायलांचां काम." तिने माझ्या हातातली नारळाची कवड घेतली, रक्त लागलेला भाग काढून टाकला आणि पुढे खवायला लागली. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. तिथून तो खर्र-खर्र आवाज ऐकत होतो.

पुढे कारखान्यात नवी माणसं आली की मास्तर त्यांना माझ्याकडे पाठवायचा. मी सांगायचो, बाबांनो, ही होडी आहे, हिची शेपटी सांभाळा. माणसं दोन दिवसांत तयार व्हायची. सगळे मला हुशार म्हणायचे. निवृत्त होईपर्यंत मी ते ऐकून घेतलं. हे माझ्या बायकोचं आहे, एवढं चार शब्दांचं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही.

तर आठ दिवस. सोमवारी केलेलं पाण्यासारखं झालं. मंगळवारी नारळ करपला. बुधवारी बांगडे आणून त्यांचा चिखल केला आणि भिंतीला पाठ लावून बसलो. किती नारळ, किती मिरच्या, किती चिंच? तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, हाताक कळता. तिचा हात कुठून आणू?

गुरुवारी बाजारात गेलोच नाही. मासळीवाचून करायचं ठरवलं. रिकाम्या हाताने आधी, तिने मला शिकवलं तसं. आणि मग दुसरंही आठवलं. उलटं सांगा. त्याच्या आधी काय?

ओट्यावर बसलो, रोज बसायचो तिथेच. डोळे मिटले. ताटात हुमण आलंय. त्याच्या आधी? झाकण ठेवल्याचा आवाज. त्याच्या आधी वरून खोबरेल, चमचाभर. बाटलीचं बूच काढताना ती पुटपुटायची. त्याच्या आधी तिरफळं. ती ठेचताना तो वास ओट्यापर्यंत यायचा आणि मी आत हाक मारायचो, जालां काय? त्याच्या आधी मासळी सोडायची. त्याच्या आधी मीठ. त्याच्या आधी चिंच. त्याच्याही आधी मिक्सर. तो कसा वाजायचा? लांब, थांबा. लांब, थांबा. मग एकदम आखूड. मला वाटायचं लाइट गेली. तिने थांबून वाटण बोटाने बघितलेलं असायचं. आणि सगळ्याच्या आधी खर्र-खर्र. सावकाश, मोठ्या नारळाचं अर्धं भकल.

ते दोन दिवस सोडले तर तिच्या स्वयंपाकघरात रांधायला मी सगळा जन्म पाऊल ठेवलं नव्हतं. पण बाहेर बसून कान तरी होते.

गुरुवारचं आणि शुक्रवारचं केळीच्या मुळाशी ओतलं. शनिवारचं मी खाल्लं.

रविवारी मुलगी आली. हातात मोठी पिशवी, रिकामी, माझे कपडे भरायला आणलेली. ती तिने दारामागे ठेवली, मला दिसली. मी ताटात भात, हुमण वाढलं. बांगडा अख्खा होता. तिने कालवून घास घेतला. मी समोर उभाच. परीक्षेच्या दिवशी मास्तरासमोर होतो तसा.

"आईचां न्हय हां."

"न्हय."

"तिखट जालां."

"जालां."

"मीठ पण चड."

"तू जेव गो. बाकीचां मागीर सांग."

तिने आणखी शीत मागून घेतलं. जेवल्यावर ताट धुतलं, पिशवीची घडी घातली, ती आणखी बारीक केली आणि पर्समध्ये कोंबली.

"पुढल्या आयतारी परत येतंय. मीठ कमी घाल. आणि पाव सोड म्हटलेला, आठवता मा?"

"एक उंडो सकाळी."

"एकच."

ती गेली. मला राहायला मिळालं. मग बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. आईचां न्हय, हेच कानात राहिलं. खरं सांगायचं तर मी घरासाठी एवढा खटाटोप केलाच नव्हता. मला वाटलं होतं, सगळं बरोबर उलटं आठवलं तर शेवटी ती येईल. चवीपुरती तरी.

सोमवारी सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, आला, सायकलचा भोंपू वाजवत. एक उंडो, कडक गोल पाव, घेतला. टोपात कालचं थोडं उरलं होतं. बारीक आचेवर ठेवून आटवलं, चहाची वाट न बघता उंडो मोडून बुडवला आणि तोंडात घातला.

दुसऱ्या घासाला हात थांबला.

खाणीवर माझी पहिली पाळी असायची. पहाटे निघायचो, तेव्हा चुलीवर कालचं हुमण आटवलेलं असायचं आणि कालचा उंडो भाजलेला. दुपारी मी डब्यातली चपाती-भाजी खायचो, रात्री थकून काय खाल्लं ते कळायचं नाही. तिच्या हुमणाची माझ्या जिभेवर बसलेली चव मुळात कालच्या हुमणाची होती. मी आठ दिवस ती आजच्यात शोधत होतो.

तीच होती असं नाही म्हणत. मुलगी असती तर म्हणाली असती, मीठ चड. होतंच. पण तिरफळाच्या मागून जे येतं ते आलं.

टोप पुसून खाल्ला. दुसरा उंडो नव्हता, हे बरंच झालं. मग आदोळी धुतली आणि भिंतीला उभी केली, पातं भिंतीकडे करून. येता-जाता कोणाला लागू नये म्हणून ती तशी ठेवायची.