कोरपना रोडवरचा बर्फ

आमच्या क्लबात मेडल कमी आणि किस्से जास्त. कारण सोपं आहे. आम्ही चंद्रपुरात आइस हॉकी खेळतो असं म्हटलं की समोरचा माणूस आधी पोट धरून हसतो, मग विचारतो, "बर्फ कुठून आणता?" झालं, तिथूनच एक किस्सा सुरू!

खरं सांगायचं तर वर्षभर आम्ही सिमेंटच्या कोर्टवर चाकांचे स्केट घालून खेळतो. खरा बर्फ भेटतो तो बाहेरगावी, स्पर्धेला नाहीतर कॅम्पला. पण ब्लेडवाले बूट आधीपासून तयार ठेवावे लागतात. म्हणून रविवारी सकाळी बर्फाच्या कारखान्यातून एक लादी आणायची, पोत्यावर ठेवायची आणि एकेकानं तिच्यावर उभं राहून आपली धार तपासायची. नंतर त्याच लादीवर मठ्ठ्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवायचा. धारेसाठी येणारे कमी, मठ्ठ्यासाठी येणारे जास्त.

मी शाळेत पीटी शिकवते आणि क्लबाच्या पोरापोरींवर ओरडायचं काम करते. सामानाचं खातं पिंटूभाऊकडे. त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. "अख्ख्या जिल्ह्यात स्केटले धार लावणारा मी एकटा!" हे तो भेटेल त्याला सांगतो. आहेच एकटा. दुसऱ्या कोणाला गरजच काय, बाप्पा?

आणि आमची वैशाली. कोरपन्याजवळच्या खेड्यातली पोरगी, चंद्रपूरला मावशीकडे राहून कॉलेज करते. यंदा मे महिन्यातल्या नॅशनल कॅम्पला तिचं नाव आलं. पहाडात, बंद स्टेडियममध्ये, खराखुरा बर्फ! आमच्या क्लबातून आजवर कोणाचं नाव आलं नव्हतं. मी स्टाफरूममध्ये रडले, आणि मला त्याची काही लाज नाही.

कॅम्पला स्वतःचे बूट लागतात. इतके दिवस ती क्लबाचेच जुने बूट घालून भागवत होती. मग बूट घ्यायचे ठरले आणि रामायण सुरू झालं.

*

दिल्लीच्या एका खेळाडूनं जुने बूट विकायला काढले होते. दोन जोड्या आल्या, एक लहान, एक मोठी. पसंतीसाठी वैशालीचे वडील मारोतीभाऊ खास गावाहून आले. कापसाचे शेतकरी. बोलणं कमी, पण बोलले की हलत नाहीत.

स्केटचा बूट रोजच्या बुटापेक्षा एक नंबर लहान घ्यायचा असतो. आत टाच हलली की घोटा मुरगळलाच समजा. हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्या जोडीवर हात ठेवला.

"हे घ्या. पाय वाढते."

"अहो भाऊ, कॉलेजात आहे ती. आता कायचे पाय वाढते?"

"मंग कापूस भरू. घरचाच हाय!"

मी लहान जोडीच घेतली. पुढच्या खेपेला मारोतीभाऊ चुंगडंभर, म्हणजे पोतंभर, कापूस घेऊन हजर! "ठेवा. कामी येईन," म्हणाले. चुंगडं सामानाच्या खोलीत ठेवलं. त्याच्यावर रोज कोणी ना कोणी डुलकी काढायचं.

*

बूट नवीन पायाला बसवायचा तर तो थोडा गरम करून नरम करतात, मग पाय घालून नाडी आवळून बसायचं. पिंटूभाऊनं हे मोबाईलवर पाहिलं आणि सरळ बेकरीत गेला.

"शेठ, भट्टी थंडी होत आली की हे ठेवा. पण हलकी आच पायजे हं!"

शेठनं बूट टोस्टच्या ट्रेमध्ये ठेवले. तेवढ्यात एक बाई खारी घ्यायला आल्या. त्यांनी ट्रे पाहिला, शेठकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माय वं! राहू द्या आज, बिस्किटाचा पुडा द्या."

बूट मात्र वैशालीच्या पायाला असे बसले की बस! फक्त त्यांचा खारीचा वास काही केल्या जाईना. कोर्टवर दोन कुत्री तिच्या मागंमागं फिरायची. "मॅडम, डिफेन्स चांगला झाला आपला!" पिंटूभाऊ म्हणाला.

*

मग झाला तो प्रकार, जो फक्त आमच्याकडेच होऊ शकतो.

वैशाली बूट घेऊन गावी गेली. दुपारी ती झोपली असताना मारोतीभाऊंनी ब्लेडवर अंगठा फिरवला. त्यांना धारच लागेना. लागणार कशी? स्केटचं ब्लेड विळ्यासारखं नसतं. मधून बारीक नाली असते आणि दोन्ही काठांना सारखी धार असते, तेव्हा कुठे माणूस उभा राहतो. पण त्यांना वाटलं, पोरीला बोथट माल देऊन फसवलं! कानस घेतली आणि दोन्ही ब्लेड एका बाजूनं घासून काढली, पार विळ्यासारखी.

चंद्रपूरला आणून माझ्यासमोर त्यांनी स्वतःच्या हातावरचे केस कापून दाखवले. "पाहा मॅडम, आता कशी चालते!"

ते एसटी स्टँडकडे गेले आणि पिंटूभाऊ मटकन खाली बसला. "यानं बर्फ नाई कापत, मॅडम. यानं तूर कापा!"

माझं डोकं सणकलं. मी फोन उचलला, तर वैशालीनं माझा हातच धरला.

"बाबाले काई नका सांगू. अख्खी दुपार घासलं त्यायनं."

मी फोन ठेवला.

*

आता नवीन ब्लेडं मागवायची. पिंटूभाऊनं ऐटीत बुटाचा नंबर टाकून मागवली. आली ती बोटभर आखूड! ब्लेडचं माप बुटाच्या नंबरवर नसतं, ते ज्या खोबणीत बसतं तिची लांबी मोजायची असते. हे त्याला पार्सल फोडल्यावर कळलं.

दुसरी मागवली, ती नीट बसली. त्याने दोन दिवस दुकान बंद ठेवून त्यांना अशी धार लावली की मीसुद्धा गप्प झाले. आखूड ब्लेडनं हल्ली त्याच्या घरी चिक्की कापतात.

*

कॅम्प चार दिवसांवर आला आणि मारोतीभाऊंचा फोन.

"पोट्टी लोखंडाच्या पातीवर उभी राह्यते म्हणता, अन् तेही बर्फावर? मी माह्या डोयानं पाह्यल्याशिवाय पाठवत नाई."

"मग या की चंद्रपूरला! रविवारी लादी आहेच."

"गाय व्याले झाली. तिले सोडून येऊ काय?"

वैशाली शेजारीच उभी होती. तिनं बूट पिशवीत घातले आणि चेन लावली. मला ते बघवेना. मी पिंटूभाऊला म्हटलं, "भाऊ, ते नाही येत तर बर्फ नेऊ तिकडे!"

मे महिना. चंद्रपूरचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. कारखान्यातून दोन लाद्या घेतल्या, भुश्यात घातल्या, पोती गुंडाळली. तरी पिंटूभाऊ मान हलवत होता. मग वैशालीच पळत गेली आणि वडिलांचं कापसाचं चुंगडं घेऊन आली. सगळा कापूस लाद्यांभोवती कोंबला आणि पिकअप निघाली.

कोरपना रोडला सिमेंटच्या ट्रकांची रांग! गाडी जागची हलेना. मागून पाणी टपटप गळत होतं. शेजारच्या ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं, "मॅडम, मच्छी हाय काय?"

"नाही, रिंक आहे!" मी ओरडले.

पोचलो तोवर एक लादी खड्ड्यांनी फुटली होती. दुसरी मात्र कापसात बरीचशी शाबूत निघाली. अंगणात पोत्यावर ठेवली. सगळं गाव जमलं. वैशालीनं नाड्या आवळल्या, पिंटूभाऊचा खांदा धरला आणि लादीवर चढली.

मग तिनं खांदा सोडला. एक पाय उचलला. एकाच पायावर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली. किती, तर खाटेएवढं अंतर! पण ब्लेडचा तो चर्रर्र आवाज साऱ्या अंगणात ऐकू आला.

मारोतीभाऊ उकिडवे बसले. बर्फावर उमटलेल्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"धार कोणाची हे?"

मी पिंटूभाऊकडे पाहिलं. अख्ख्या जिल्ह्यात एकटा! त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. मग तो म्हणाला,

"तुमचीच हाय, भाऊ. आमी तं हात बी नाई लावला."

"हओ, बाबा," वैशाली म्हणाली.

मारोतीभाऊंनी मान हलवली. उठले, हात धोतराला पुसले. "मंग जाऊ द्या तिले."

बायांनी टाळ्या वाजवल्या. वैशाली रडायला लागली, मीही लागले. आणि मारोतीभाऊ घरात जाता जाता वळून म्हणाले,

"थांबा जरासक. कानस आणतो. निंगाच्या आधी एकडाव अजून मारून देतो."

"मॅडम, गाडी चालू करा!" पिंटूभाऊ ओरडला. "तिचे बूट नका काढू! तशीच उचला अन् मांगं टाका!"