पिवळ्याखालचा पांढरा

सलीमभाई गेल्याची बातमी मला एसटीच्या ड्रायव्हरने दिली. चामोर्शीहून त्यांची पाकिटं गोंडपिपरीच्या माझ्या छपाईच्या दुकानात तोच आणून द्यायचा. "पेंटर गेला ना भाऊ, पंधरा दिवस झाले. तुमाले कोनी सांगतलं नाई?" कोण सांगणार? दोन वर्षं मीच तिकडे फिरकलो नव्हतो...

सलीमभाई दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवायचे. जीव मात्र प्लास्टिकच्या छोट्या विमानांत. मेहुणा दुबईहून सुट्या भागांची खोकी पाठवायचा. शिकाऊ वैमानिकांची, दोन आसनांची जेटं त्यांना आवडत, आणि तीही लहान देशांची. "मोठ्याईचे तर सारेच बनवतेत. बोलिव्हियाचं कोन बनवन?" पण खोक्यात बोलिव्हियाची चिन्हं येत नसत. मग ते कागदावर धावड्याच्या झाडाचा डिंक चढवत, वाळल्यावर वार्निश, आणि तो कागद चिन्हं छापायला माझ्याकडे पाठवत. छापलेलं चिन्ह कापून बशीतल्या पाण्यात टाकायचं. डिंक विरघळला की ते कागदावरून सरकतं आणि विमानाच्या पंखावर बसवता येतं. एकदा मी घाईने चिमट्याने ओढलं, तर हातावर चापट बसली. "अबे, मांडवातून पोरगी पळवून राह्यला काय? थांब. सोताच सुटते ते."

बोलिव्हियाच्या हवाई दलाचं गोल चिन्ह, म्हणजे चक्र, लाल, पिवळं, हिरवं. गडद हिरव्या पंखावर पिवळा उठायचा तर त्याच्याखाली आधी पांढरा छापावा लागतो. हे मला माहीत होतं. पण लग्नपत्रिकांची गर्दी होती. मी पांढरा गाळला. पंखावर तो पिवळा शेवाळासारखा दिसू लागला. ते विमान घेऊन सलीमभाई एसटीने माझ्याकडे आले. "काऊन असं झालं असन, वसंता?" आणि मी म्हणालो, "तुमचा कागद, सलीमभाई. डिंक रंग पिऊन राह्यला."

त्यांनी मान हलवली. "माह्याच हाताचा दोष असन मंग." चहा पिऊन गेले. त्यानंतर ड्रायव्हर अधूनमधून निरोप आणायचा, कागद जमला की पाठवतो म्हणून. मला एका वाक्यात त्यांची सुटका करता आली असती. मी ते वाक्य बोललो नाही.

शेवटी गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी शमीमभाभींनी पत्र्याचा डबा पुढे ठेवला. "वसंताले खराब कागद नाई द्यायचा म्हनत. मनासारखा झालाच नाई त्याईच्या." आत डिंकाचे कागद होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्यांचं पाटीवरचं वळणदार अक्षर: डिंक दोनदा गाळला. जरा पातळ. पावसाळ्यातला, नको. सगळ्यांत वरच्या कागदावर अक्षर हललेलं: हा पाहू.

मी भाभींना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ डब्याचं झाकण पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता छापा."

डब्याच्या तळाशी, मी ज्याला दोष दिला होता त्याच खेपेतला उरलेला कागद होता. मुद्दाम तोच घेतला. आधी पांढरा छापला, मग बाकीचे रंग. काल चामोर्शीला जाऊन त्यांच्या हिरव्या विमानाच्या एका पंखावर चक्र बसवलं. पिवळा लख्ख उठला. कागदात काहीच दोष नव्हता, कधीच नव्हता...

दुसऱ्या पंखासाठी भाभींनी सलीमभाईंच्याच बशीत पाणी बदलून दिलं. चक्र टाकलं. माझा हात सवयीने चिमट्याकडे गेला. चापट मारायला कोणी नव्हतं. मी हात मागे घेतला आणि थांबलो.